कागदी माणसाची जागा

युरोपात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा मोसम सुरू झाला की एक दृश्य दरवर्षी हमखास पाहायला मिळते. एखादा मातब्बर संघ कोट्यवधी युरो मोजून नवा स्ट्रायकर आणतो. गेल्या हंगामात त्याने केलेल्या गोलांची आकडेवारी वृत्तपत्रांत झळकते, चाहते त्याच्या नावाची जर्सी विकत घेतात आणि चार-सहा महिन्यांत तोच खेळाडू राखीव बाकावर बसलेला दिसतो. मग कुणी म्हणते पैसे पाण्यात गेले, कुणी म्हणते खेळाडूचा दम संपला, कुणी प्रशिक्षकाला दोष देते. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. हा आघाडीपटू ज्या पद्धतीने खेळतो, त्या पद्धतीला साजेसे उरलेले दहा जण मैदानावर उभे आहेत काय?

हा प्रश्न आजचा नाही. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहराने तो अटीतटीने लढवला होता. त्या वादाच्या केंद्रस्थानी होता माथियास सिंडेलार. हडकुळ्या अंगकाठीमुळे आणि बचावपटूंच्या फटींतून वाऱ्यावरच्या कागदासारखा सरकत जाण्याच्या लकबीमुळे व्हिएन्नाच्या लोकांनी त्याला ‘कागदी माणूस’ असे टोपणनाव दिले होते. आज ऑस्ट्रियाचा सर्वकालीन श्रेष्ठ फुटबॉलपटू म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण ऐन उमेदीच्या काळात तो राष्ट्रीय संघाच्या डावपेचांत बसत नाही म्हणून त्याला बाहेर ठेवण्यात आले होते. ठेवणारा माणूसही अडाणी नव्हता. युरोपीय फुटबॉलमधील त्या काळचा तो सर्वांत जाणकार माणूस होता.

सिंडेलारचा जन्म १० फेब्रुवारी १९०३ चा, मोराव्हियातील कोझलाव या खेड्यातला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. तो दोन वर्षांचा असताना हे कुटुंब पोटासाठी व्हिएन्नाला आले आणि फावोरिटेन या कामगार वस्तीत स्थिरावले. बोहेमिया आणि मोराव्हियातून आलेले हजारो चेक मजूर इथल्या वीटभट्ट्यांवर राबत असत. पहिल्या महायुद्धात १९१७ साली इसोन्झोच्या आघाडीवर वडील मारले गेले. आईने लोकांचे कपडे धुऊन मुलांना वाढवले. माथियासने कारखान्यात उमेदवारी केली, पण त्याचे खरे शिक्षण झाले ते रस्त्यावर आणि मोकळ्या माळांवर. तिथे पोरे चिंध्यांचा चेंडू करून खेळत. असा चेंडू लांब जात नाही आणि उसळतही नाही, त्यामुळे तो पायाजवळ ठेवावा लागतो, हुलकावणी द्यावी लागते आणि जवळच्या साथीदाराकडे हळूच सरकवावा लागतो. सिंडेलारच्या पुढच्या सगळ्या खेळाचे मूळ या माळांवर आहे.

१९१८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तो हेर्था व्हिएन्ना या वस्तीतल्या क्लबमध्ये दाखल झाला. पाच वर्षांनी, १९२३ मध्ये, त्याच्या उजव्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्या काळी गुडघ्यातील कूर्चेची इजा म्हणजे बहुतेकांच्या खेळाची अखेर असे. हान्स श्पित्सी या नामांकित शल्यचिकित्सकाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली आणि सिंडेलार पुन्हा मैदानावर उभा राहिला. त्यानंतर मात्र त्या गुडघ्यावरची पट्टी कायमची झाली आणि खेळही बदलला. अंगावर येणाऱ्या बचावपटूशी टक्कर घ्यायची नाही, तो पोहोचण्याआधी चेंडू सोडून द्यायचा किंवा त्याला चकवून निसटायचे, हा त्याचा नियम झाला. जी गोष्ट पुढे कला म्हणून वाखाणली गेली, तिच्यामागे मुळात एक जायबंदी गुडघा होता.

१९२४ मध्ये हेर्था आर्थिक अडचणीत आल्यावर तो ‘वीनर अमॅच्युअर’ या क्लबमध्ये गेला. याच क्लबचे १९२६ मध्ये ‘ऑस्ट्रिया व्हिएन्ना’ असे नामकरण झाले. मध्यमवर्गीय आणि ज्यू बुद्धिजीवींचा हा क्लब. त्याचे पाठीराखे कॉफीगृहांत बसून नाटक, संगीत आणि फुटबॉल यांवर सारख्याच तन्मयतेने वाद घालत. १९२४ मध्येच व्हिएन्नात युरोप खंडातील, ब्रिटन वगळता, पहिली व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली होती. वीटभट्ट्यांच्या वस्तीतला हा अबोल तरुण अशा शहराचा लाडका झाला. सप्टेंबर १९२६ मध्ये प्राग येथे चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्याने राष्ट्रीय संघातर्फे पदार्पण केले. ऑस्ट्रियाने तो सामना २-१ असा जिंकला आणि पहिल्याच सामन्यात सिंडेलारच्या नावावर गोल लागला. इथपर्यंत सारे सुरळीत होते.

राष्ट्रीय संघाची सूत्रे ह्यूगो माइस्ल यांच्या हाती होती. १८८१ मध्ये बोहेमियातील एका ज्यू कुटुंबात जन्मलेले माइस्ल पेशाने बँकेत होते. ते अनेक भाषा जाणत. त्यांनी आंतरराष्ट्रीय पंच म्हणून काम केले होते आणि मध्य युरोपातील क्लबांची ‘मित्रोपा’ स्पर्धा १९२७ मध्ये सुरू होण्यात त्यांचा पुढाकार होता. इंग्लिश प्रशिक्षक जिमी होगन यांना त्यांनीच महायुद्धापूर्वी व्हिएन्नाला आणले होते. जमिनीलगतचे छोटे पास, चेंडूवर हुकमत आणि प्रत्येक हालचालीला साथीदाराची जोड ही होगन यांची शिकवण. स्कॉटलंडच्या पासिंगच्या खेळाचे माइस्ल पहिल्यापासून भक्त होते. म्हणजे विचाराने ते सिंडेलारच्या बाजूचेच म्हणायला हवेत. मग अडले कुठे?

हे समजण्यासाठी त्या काळची व्यूहरचना ध्यानात घ्यावी लागेल. दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पाच आघाडीपटू अशी ती ‘पिरॅमिड’ रचना होती. पाच आघाडीपटूंच्या मधोमध असे सेंटर फॉरवर्ड. त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या गोलासमोर ठाण मांडावे, दोन्ही कडांकडून येणाऱ्या उंच चेंडूंवर झेपावावे, बचावपटूंना खांद्याने रेटावे, वेळप्रसंगी गोलरक्षकालाही धडक द्यावी, अशी अपेक्षा असे. व्हिएन्नात या प्रकाराचा आदर्श होता रॅपिड क्लबचा योझेफ उरिडिल. लोक त्याला ‘रणगाडा’ म्हणत. माइस्ल यांच्या मनातील सेंटर फॉरवर्ड याच जातकुळीचा, भक्कम अंगाचा होता. बाकीच्या संघाने कितीही नाजूक वीण विणली तरी शेवटचा घाव घालायला गोलासमोर एक पहाड हवा, असा त्यांचा हिशेब होता.

सिंडेलार पहाड नव्हता आणि तो गोलासमोर थांबतही नसे. चेंडू घेण्यासाठी तो मागे, थेट मध्यरक्षकांपर्यंत येई आणि तिथून खेळाची सूत्रे हलवी. आजच्या परिभाषेत ज्याला ‘फॉल्स नाइन’ म्हणतात, त्याचे हे एक आरंभीचे रूप. पाहायला हे मोहक असले तरी संघापुढे त्यामुळे खऱ्या अडचणी उभ्या राहत. सेंटर फॉरवर्ड मागे आला तर गोलासमोरची जागा रिकामी पडते आणि कडेवरून आत टाकलेल्या चेंडूला धनीच उरत नाही. बचावपटूंनी संकटात लांब टोलवलेला चेंडू पुढे अडवून ठेवणारा कुणी नसतो, त्यामुळे तो लगेच परत अंगावर येतो. शिवाय मैदानाच्या मध्यावर छोटे पास देताना एक जरी चुकला, तरी प्रतिस्पर्ध्याला मोकळे रान मिळते. तेव्हा माइस्ल यांचा संशय केवळ हट्टापोटी नव्हता. ज्या संघाची घडी एका प्रकारच्या खेळाडूसाठी बसवली आहे, त्यात दुसऱ्या प्रकारचा खेळाडू घातला की तो स्वतः चांगला खेळूनही संघ विस्कटतो, हे ते पुरते जाणून होते.

त्यांच्या संशयाला पुरावा मिळाला तो जानेवारी १९२९ मध्ये. न्युरेम्बर्ग येथे दक्षिण जर्मनीच्या निवड संघाविरुद्ध सामना होता. मैदानावर बर्फ पसरलेला. अशा जमिनीवर चेंडू अडखळतो, छोटा पास मध्येच मरतो, तिथे लांब टोले आणि ताकदच कामी येते. सिंडेलार आणि त्याचे साथीदार मात्र आपली नेहमीची विणकामाची पद्धत सोडायला तयार नव्हते. ऑस्ट्रिया ०-५ असा हरला. पराभवानंतरही सिंडेलारचे मत बदलले नाही. छोट्या पासचा अतिरेक झाला असे इतरांना वाटत असताना, ते कमीच पडले असे त्याचे म्हणणे होते आणि ते माइस्ल यांच्या कानावर गेले, असे सांगतात. परिणाम व्हायचा तोच झाला. पुढची सुमारे दोन वर्षे राष्ट्रीय संघाचे दार त्याच्यासाठी जवळजवळ बंदच राहिले. सव्वीस ते अठ्ठावीस हे वय म्हणजे आघाडीपटूच्या आयुष्याचा मध्यान्ह. सिंडेलारचा तो काळ क्लबच्या सामन्यांतच गेला.

पण व्हिएन्नाच्या कॉफीगृहांनी हा विषय सोडला नाही. माइस्ल यांची बैठक रिंग कॅफेत असे. फुटबॉलचे पत्रकार, जुने खेळाडू, क्लबांचे पदाधिकारी तिथे जमत आणि संगमरवरी टेबलांवर संघ मांडले आणि मोडले जात. मे १९३१ मध्ये स्कॉटलंडचा संघ व्हिएन्नाला यायचा होता. ज्या देशाच्या खेळावर माइस्ल यांनी आयुष्यभर प्रेम केले, त्याच देशाशी गाठ. निवडीवरून टीकेची झोड उठली होती. अखेर वैतागलेल्या माइस्ल यांनी अकरा नावे लिहिलेला कागद पत्रकारांच्या पुढ्यात टाकला आणि हा घ्या तुमचा संघ, अशा अर्थाचे काहीतरी तिरकसपणे सुनावून ते तिथून निघून गेले, अशी आख्यायिका आहे. त्या कागदावर सेंटर फॉरवर्डच्या जागी सिंडेलारचे नाव होते.

या घटनेकडे सहसा हट्टी प्रशिक्षकावर जनमताने केलेली मात म्हणून पाहिले जाते. मात्र त्या कागदावर सिंडेलारखेरीज इतर जी नावे होती, ती अधिक बोलकी आहेत. आजवर सेंटर फॉरवर्डच्या जागेचा प्रबळ दावेदार असलेला फ्रिट्झ ग्श्वाइडल याला वगळण्यात आले नव्हते. त्याला एक घर बाजूला, उजव्या आतल्या जागेवर सरकवण्यात आले होते. ग्श्वाइडल उंचापुरा होता आणि पासिंगमध्येही तरबेज होता. डाव्या आतल्या जागेवर अॅडमिरा क्लबचा आंटोन शाल होता. जोरकस फटक्यांचा हा खेळाडू पुढे २८ आंतरराष्ट्रीय सामन्यांत २७ गोल करून गेला. कडांवर कार्ल त्सिशेक आणि आडोल्फ फोगल हे दोन चपळ खेळाडू होते. मधल्या फळीत योझेफ श्मिस्टिकसारखा चेंडू पुढे नेणारा सेंटर हाफ होता.

आता सिंडेलार मागे आला की गोलासमोरची रिकामी जागा तशीच पडून राहत नव्हती. शाल आणि ग्श्वाइडल तिच्यात घुसत, त्सिशेक आणि फोगल कडा सोडून आत वळत. प्रतिस्पर्धी बचावपटूंची मात्र पंचाईत होई. सिंडेलारच्या मागे जावे तर पाठीमागे भगदाड पडे आणि जागेवर थांबावे तर तो मोकळेपणी पास देत राही. खेळाडू तोच होता, त्याची खेळण्याची रीतही तीच होती. बदलले होते ते त्याच्या अवतीभवतीचे सारे.

१६ मे १९३१ रोजी होहे वार्टे मैदानावर ऑस्ट्रियाने स्कॉटलंडचा ५-० असा धुव्वा उडवला. स्कॉटलंडच्या संघात रेंजर्स आणि सेल्टिक या बलाढ्य क्लबांचे खेळाडू नव्हते हे खरे, तरीही ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून त्या देशाचा झालेला हा पहिलाच पराभव होता. पाच गोलांपैकी सिंडेलारचा गोल एकच. आठवडाभराने बर्लिनमध्ये जर्मनीचा ६-० असा फडशा पडला, तेव्हा गोल करणाऱ्यांत त्याचे नावही नव्हते. आणि तरी दोन्ही सामन्यांनंतर चर्चा झाली ती त्याचीच. निव्वळ गोलांच्या आकड्यांवरून स्ट्रायकरची किंमत ठरवणाऱ्यांनी हे दोन सामने अवश्य आठवावेत. अर्थात गोल करणे त्याला वर्ज्य होते असे नाही. सप्टेंबरमध्ये जर्मनीचा संघ व्हिएन्नात ०-५ असा हरला, तेव्हा तीन गोल सिंडेलारचे होते. एप्रिल १९३२ मध्ये हंगेरीला ८-२ असे नमवताना त्याने पुन्हा तीन गोल केले. उरलेल्या गोलांची मांडणीही बहुतांशी त्याच्याच पायांतून झाली होती.

वृत्तपत्रांनी या संघाला ‘वुंडरटीम’, म्हणजे अद्भुत संघ, असे नाव दिले. एप्रिल १९३१ पासून तो सलग चौदा सामने अपराजित राहिला. ही मालिका खंडित झाली ती ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर. इंग्लंडने तो सामना ४-३ असा जिंकला. मध्यंतराला ०-२ असे मागे असलेल्या ऑस्ट्रियाने नंतर असा खेळ केला की जिंकूनही यजमान अंतर्मुख झाले. सिंडेलारने त्या दिवशी एक गोल केला. १९३३ मध्ये मित्रोपा चषकाच्या अंतिम फेरीत मिलानचा आम्ब्रोझियाना-इंटर संघ पहिला सामना २-१ असा जिंकून व्हिएन्नाला आला होता. परतीच्या सामन्यात ऑस्ट्रिया व्हिएन्नाने त्याला ३-१ असे हरवले आणि ते तिन्ही गोल सिंडेलारचे होते. १९३६ मध्ये क्लबने हा चषक पुन्हा जिंकला.

या यशाची दुसरी बाजू १९३४ च्या विश्वचषकात दिसली. मिलानमधील उपांत्य सामन्यात ऑस्ट्रियाची गाठ यजमान इटलीशी पडली. पावसाने मैदानाचा चिखल झाला होता आणि सिंडेलारवर लुइस मोंटी हा अर्जेंटिनात जन्मलेला दणकट सेंटर हाफ सोडण्यात आला होता. चिखलात पास अडले, मोंटीने सिंडेलारला डोके वर काढू दिले नाही आणि ऑस्ट्रिया ०-१ असा हरला. पाच वर्षांपूर्वी न्युरेम्बर्गच्या बर्फावर जे घडले, त्याचीच ही मोठ्या रंगमंचावरील आवृत्ती होती. सगळा संघ एका माणसाभोवती गुंफला की त्या माणसाला जखडणे म्हणजे संघाला जखडणे ठरते. माइस्ल यांची जुनी शंका अगदीच निराधार नव्हती, हेही यातून दिसले. फेब्रुवारी १९३७ मध्ये हृदयविकाराने माइस्ल यांचे निधन झाले. वर्षभराने त्यांच्या देशावर जे संकट आले, ते त्यांना पाहावे लागले नाही.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि देशाचे अस्तित्वच संपले. जूनमध्ये फ्रान्समध्ये होणाऱ्या विश्वचषकासाठी पात्र ठरलेला संघ बरखास्त झाला. त्याआधी ३ एप्रिल रोजी व्हिएन्नातील प्राटर स्टेडियमवर जर्मनी आणि माजी ऑस्ट्रिया यांच्यात विलीनीकरणाचा उत्सव म्हणून सामना ठेवण्यात आला. पस्तिशीतला सिंडेलार त्यात खेळला आणि त्याने गोल केला. दुसरा गोल त्याचा मित्र कार्ल सेस्टा याचा. ऑस्ट्रियन संघ २-० असा जिंकला. पूर्वार्धात सिंडेलारने जाणूनबुजून सोप्या संधी दवडल्या आणि गोलानंतर नात्सी अधिकाऱ्यांसमोर तो नाचला, या कथा पुढे पसरल्या. त्यांतला इतिहास किती आणि दंतकथा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

निर्विवाद आहे ते यानंतरचे. जर्मनीचे प्रशिक्षक झेप हेरबेर्गर यांनी विश्वचषकासाठी सिंडेलारला वारंवार बोलावले आणि त्याने वय आणि दुखापतींचे कारण सांगून नकार दिला. ज्याला एकेकाळी संघात जागा नव्हती, तोच आता देऊ केलेली जागा नाकारत होता. संघात जर्मन आणि ऑस्ट्रियन खेळाडू साधारण सहास पाच या प्रमाणात असावेत, असा वरून आदेश होता. तीन बचावपटूंची कडक शिस्तीची जर्मन रचना आणि व्हिएन्नाची सैल, जमिनीलगतची वीण यांची मोट फर्मानाने बांधण्यात आली. पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडशी १-१ अशी बरोबरी झाली आणि फेरसामन्यात २-४ असा पराभव पत्करून हा संघ घरी परतला. दोन उत्तम संघ एकत्र केले की तिसरा अधिक उत्तम होतो, हा भ्रम तिथे फिटला.

सिंडेलारच्या अखेरच्या काळाविषयी लिहिताना एक अप्रिय गोष्ट टाळता येत नाही. नात्सींनी ऑस्ट्रिया व्हिएन्ना क्लबच्या ज्यू पदाधिकाऱ्यांना हटवले आणि क्लबच्या खेळाडूंना त्यांच्याशी संबंध तोडण्यास बजावले, तेव्हा सिंडेलारने पदच्युत अध्यक्ष डॉ. श्वार्त्स यांच्याशी बोलणे सोडले नाही. त्याच वर्षी त्याने फावोरिटेनमधील एक कॉफीगृह विकत घेतले. ज्यूंना व्यवसाय सोडायला भाग पाडणाऱ्या धोरणामुळे त्याच्या ज्यू मालकाला ते विकावे लागले होते. सिंडेलारने मालकाला इतरांपेक्षा बरी वागणूक दिली असे काहींचे म्हणणे, तर त्याने परिस्थितीचा लाभ उठवला असे इतरांचे. त्याला निखळ प्रतिकारवीर ठरवणाऱ्यांना हा व्यवहार अडचणीचा ठरतो. तो कागदपत्रांनी सिद्ध आहे आणि त्याच्या चरित्रातून वगळता येणार नाही.

२३ जानेवारी १९३९ रोजी सिंडेलार आणि त्याची मैत्रीण कामिला कास्टान्योला हे व्हिएन्नातील एका घरात निश्चेष्ट आढळले. सिंडेलार मरण पावला होता, कामिलाचाही पुढे मृत्यू झाला. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा हे अधिकृत कारण. अपघात, आत्महत्या की घातपात, याच्या चर्चा तेव्हापासून चालू आहेत. धुराड्यातील बिघाडामुळे झालेला अपघात ही त्यांतील सर्वांत साधी शक्यता आहे. फ्रिडरिश टोरबेर्ग या लेखकाच्या कवितेने आत्महत्येच्या समजाला बळ दिले. अंत्ययात्रेला सुमारे पंधरा हजार लोक होते. नकाशावरून पुसल्या गेलेल्या देशाचे ते जणू मूक संमेलन होते. सिंडेलार तेव्हा छत्तीस वर्षांचाही झाला नव्हता. ४३ आंतरराष्ट्रीय सामने आणि २६ गोल एवढी नोंद त्याच्या नावावर राहिली.

मधली दोन वर्षे गमावली नसती तर हे आकडे मोठे झाले असते, अशी हळहळ अनेकदा व्यक्त होते. ती रास्तही आहे. पण १९२९ च्याच संघात तो तसाच खेळत राहिला असता, तर वुंडरटीम घडली असती काय? बहुधा नाही. तेव्हाचा संघ त्याच्यासाठी बांधलेला नव्हता. १९३१ मध्ये ग्श्वाइडल बाजूला सरकला, शालने पुढची जबाबदारी उचलली, आणि मनाविरुद्ध का होईना, माइस्ल यांनी आपल्या मनातला पहाड बाजूला ठेवला. एका माणसाला जागा मिळावी म्हणून इतरांनी आपापली जागा बदलली. नव्या स्ट्रायकरवर कोट्यवधी उधळणाऱ्या संघांना ही तयारी विकत घेता येत नाही. तो खेळाडू आल्यावर आपल्यापैकी कोण कुठे सरकणार, हे त्यांनी करारावर सही होण्यापूर्वीच ठरवलेले बरे.